केएलके-७ कसा मोजावा, आणि त्या आकड्यावरून त्वचेबद्दल किती बोलावं

स्ट्रॅटम कॉर्निअम, म्हणजे त्वचेचा अगदी वरचा थर, शरीरावर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. त्यातल्या चपट्या, केंद्रक हरवलेल्या पेशींना कॉर्निओसाइट म्हणतात. पेशींमधली जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी भरलेली असते, आणि पेशी एकमेकींना धरून राहतात त्या कॉर्निओडेस्मोसोम या प्रथिनांच्या जोडांमुळे. खालून सतत नव्या पेशी येत असतात, तितक्याच वरून सुटायला हव्यात. जोड लवकर तुटले तर थर पातळ होतो, पाणी निसटतं, ॲलर्जन आत शिरतात. उशिरा तुटले तर खपल्या धरतात. हे जोड तोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक म्हणजे केएलके-७, पूर्ण नाव कॅलिक्रीन-रिलेटेड पेप्टिडेज ७.

याचा शोध लागला तो तळपायामुळे. स्वीडनमधल्या उमेओ इथे टोरब्योर्न एगेलरूड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की तळपायाच्या जाड कातडीचा तुकडा नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवला तरी त्यातून पेशी सुटू लागतात, आणि ॲप्रोटिनिन हा प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांचा निरोधक घातला की हे थांबतं. म्हणजे तोडणारा एन्झाइम कातडीतच होता. १९९४ मध्ये त्याचा जनुकक्रम प्रसिद्ध झाला आणि प्रयोगशाळेतल्या पेशींकडून तो बनवून घेणं शक्य झालं. आज छोट्या कुपीत मिळणारं ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन केएलके-७’ हे त्याचंच पुढचं रूप.

हा लेख एम.एस्सी., एम.फार्म. किंवा कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनचा प्रकल्प करणाऱ्यांसाठी आहे. प्रकल्पांच्या शेवटी एक वाक्य फार सहज लिहिलं जातं: ‘आमच्या अर्कामुळे केएलके-७ रोखला गेला, म्हणून तो स्किन बॅरिअर दुरुस्त करतो.’ या वाक्याचा पहिला भाग नीट सिद्ध करायलाच बरेच कष्ट लागतात. दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही.

मागवण्याआधी

कुपीवर ‘प्रो’ लिहिलंय की ‘ॲक्टिव्ह’, ते पहिल्यांदा बघा. पेशी केएलके-७ निष्क्रिय अवस्थेत बनवते. पूर्ण साखळी २५३ अमिनो आम्लांची असते. त्यातले पहिले २२ बाहेर पाठवण्याचा संकेत म्हणून कापले जातात, पुढचे ७ कुलपासारखे राहतात, आणि ते ७ निघाल्यावरच उरलेला २२४चा तुकडा काम करू लागतो. बाजारात मिळणारी बरीचशी कुपी ‘प्रो’ रूपातली असते. ती थेट सबस्ट्रेटमध्ये (एन्झाइमने कापायच्या रेणूत) घातली तर काहीच होणार नाही आणि तुम्ही विक्रेत्याशी भांडत बसाल.

तो कोणत्या पेशींत बनवलाय हेही बघा. केएलके-७ मध्ये अनेक डायसल्फाइड बंध असतात आणि त्यावर साखरेची जोडणीही होते. ई. कोलायमध्ये ही साखर लागत नाही आणि प्रथिन अनेकदा गोळा होऊन बसतं, ते पुन्हा उलगडून घडी घालावी लागते. सस्तन प्राण्यांच्या किंवा कीटकांच्या पेशींत बनवलेलं प्रथिन महाग असतं, पण पहिल्या प्रयोगासाठी तेच घ्यावं. जेलवर त्याचा पट्टा साधारण २५ ते ३० किलोडाल्टनच्या दरम्यान दिसतो. साखरेमुळे तो थोडा पसरट आला तर घाबरू नका.

खोका कोरड्या बर्फात येतो. एप्रिल-मेमध्ये मागवलात तर आयातीच्या कागदपत्रांत दोन दिवस जास्त गेले तरी बर्फ संपलेला असतो, म्हणून जमलं तर थंडीत मागवा. आल्याआल्या १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. वितळवलेला भाग परत गोठवू नका. ट्यूब कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या घ्या आणि बफरमध्ये ०.०५ टक्के ब्रिज-३५ हे डिटर्जंट ठेवा, कारण इतक्या पातळ द्रावणात बरंचसं प्रथिन भिंतीलाच चिकटून बसतं.

एन्झाइम स्वतःच पेशींकडून बनवून घेणार असाल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी आधी घ्यावी लागते. तयार प्रथिन विकत घेण्याने ही पायरी वाचते.

सक्रिय करणं

त्वचेत हे कुलूप प्रामुख्याने केएलके-५ उघडतो. कुलपाचं शेवटचं अमिनो आम्ल लायसिन आहे आणि केएलके-५ ट्रिप्सिनसारखा, लायसिन-आर्जिनिननंतर कापणारा आहे. त्यामुळे ट्रिप्सिन वापरावंसं वाटतं, आणि सुरुवातीच्या काळात ते वापरलंही गेलं. पण ट्रिप्सिन नंतर थांबवायचं कसं? हाताशी असतो तो सोयाबीनचा ट्रिप्सिन निरोधक, आणि तो केएलके-७ लाही रोखतो.

म्हणून थर्मोलायसिन घ्या. ते आयसोल्युसिनसारख्या जलद्वेषी अमिनो आम्लाच्या आधी कापतं, आणि केएलके-७चा सक्रिय तुकडा नेमका आयसोल्युसिनने सुरू होतो. शिवाय थर्मोलायसिन धातूवर अवलंबून असतं: क्रियास्थानी झिंक, स्थैर्यासाठी कॅल्शियम. धातू पकडून ठेवणारं ईडीटीए घातलं की ते बंद पडतं, तर केएलके-७ हे सेरीन प्रोटिएज, म्हणजे धातूऐवजी सेरीन या अमिनो आम्लाने कापणारं, असल्याने त्याला काही फरक पडत नाही.

सक्रियणाचा बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.०५ टक्के ब्रिज-३५, पीएच ७.५. त्यात केएलके-७ दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम ठेवा. थर्मोलायसिन वजनाने त्याच्या शंभराव्या हिश्शापासून सुरू करा, पण विक्रेत्याच्या पत्रकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. ३७ अंशांवर ठेवून ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी थोडं थोडं काढा, प्रत्येक भागात ईडीटीए ५० मिलिमोलर होईल इतकं घाला आणि बर्फावर ठेवा. क्रियाशीलता ज्या वेळेनंतर वाढायची थांबते ती तुमची वेळ. ती एकदा शोधून ठेवली की त्या बॅचसाठी पुन्हा शोधावी लागत नाही.

याच वेळी दुसऱ्या ट्यूबमध्ये केएलके-७ सोडून बाकी सगळं, म्हणजे थर्मोलायसिन, बफर आणि शेवटी ईडीटीए, ठेवा. हा कंट्रोल पुढच्या प्रत्येक प्लेटवर लागणार आहे. तो टाळलेला प्रकल्प परीक्षकाने परत पाठवला तर मी परीक्षकाच्या बाजूने असेन.

मोजणी

प्लेट रीडर फ्लुओरेसन्सचा असेल तर पर्याय भरपूर आहेत. पण बऱ्याच महाविद्यालयांत साधा शोषण मोजणारा रीडरच असतो, आणि त्यावरही काम होतं. मेथॉक्सी-सक्सिनिल-आर्जिनिन-प्रोलिन-टायरोसिन-पॅरानायट्रॲनिलाइड, व्यवहारात एस-२५८६, हा सबस्ट्रेट या एन्झाइमसाठी जुन्या काळापासून वापरला जातो. केएलके-७ कायमोट्रिप्सिनच्या धाटणीचा आहे, त्याला टायरोसिननंतर कापायला आवडतं. कापल्यावर पिवळं पॅरानायट्रॲनिलिन सुटतं आणि ४०५ नॅनोमीटरवर दिसतं.

मापनाचा बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.०५ टक्के ब्रिज-३५, पीएच ८. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर उतरतो, एका अंशाला जवळपास ०.०३. २५ अंशांवर ८ ला जुळवलेला बफर ३७ ला ७.७ च्या आसपास असतो. म्हणून बफर ३७ अंशांवरच जुळवा.

९६ खणांच्या प्लेटमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर ठेवा: १ मायक्रोग्रॅम सक्रिय एन्झाइम, ०.५ मिलिमोलर सबस्ट्रेट, बाकी बफर. सबस्ट्रेट शेवटी, मल्टिचॅनल पिपेटने सगळ्या खणांत एकदम घाला. दर मिनिटाला अर्धा तास वाचन घ्या. शेवटचं एकच वाचन घेण्याचा मोह टाळा, कारण उतार सरळ आहे की वाकलाय हे त्यातून कळत नाही. दहा टक्क्यांहून जास्त सबस्ट्रेट संपायच्या आतला सरळ भागच धरा.

हिशेब असा. समजा उतार मिनिटाला ०.००४ आला आणि ब्लँक (एन्झाइमविना खणाचा उतार) वजा करून झालाय. २०० मायक्रोलिटरला प्लेटमधली प्रकाशवाट साधारण ०.५६ सेंटिमीटर धरू (तुमच्या प्लेटची मोजून घ्या) आणि पॅरानायट्रॲनिलिनचा मोलर शोषणांक ९,९००. ०.००४ भागिले ५,५४४ म्हणजे मिनिटाला ०.७२ मायक्रोमोलर. २०० मायक्रोलिटरमध्ये ते १४४ पिकोमोल होतात. एन्झाइम १ मायक्रोग्रॅम, म्हणून विशिष्ट क्रियाशीलता मिनिटाला मायक्रोग्रॅममागे १४४ पिकोमोल. हे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते आहेत. प्रकाशवाटेने भागायचं राहून गेलं की उत्तर जवळपास निम्मं येतं, हे मात्र लक्षात असू द्या.

निरोधक कंट्रोल

अर्काकडे वळायच्या आधी चार ओळखीचे निरोधक लावा. ॲप्रोटिनिन आणि कायमोस्टॅटिनने क्रियाशीलता पडली पाहिजे. ल्युपेप्टिनने पडता कामा नये. ल्युपेप्टिन ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमांना रोखतं, केएलके-७ ला नाही; त्याने आकडा उतरला तर तुमच्या ट्यूबमध्ये दुसरं काहीतरी कापत बसलंय.

चौथा निरोधक झिंक, आणि तिथे एक सापळा आहे. झिंक केएलके-७ ला रोखतं हे जुनं निरीक्षण आहे. पण सक्रिय साठ्यात ५० मिलिमोलर ईडीटीए आहे. २०० मायक्रोग्रॅमवरून ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत पातळ केलंत तरी खणात १.२५ मिलिमोलर ईडीटीए उरतं. त्यात १०० मायक्रोमोलर झिंक घालणं म्हणजे न घातल्यासारखंच, कारण ईडीटीए ते पूर्ण गिळून टाकतं. मग ‘झिंकचा परिणाम नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. झिंकसाठी साठा आधी छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून (जो ईडीटीएसारखे लहान रेणू प्रथिनापासून वेगळे करतो) काढा. त्यानंतर थर्मोलायसिनला पुन्हा धातू मिळू शकतो, म्हणून तो केएलके-७ नसलेला कंट्रोलही त्याच कॉलममधून न्या. आणि झिंकच्या प्रयोगात फॉस्फेट बफर नको, साका बसतो.

वनस्पतींचे अर्क

महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांत हळद, त्रिफळा, मंजिष्ठा, कडुनिंब या यादीबाहेर प्रकल्प क्वचितच जातात. त्यात गैर काही नाही. पण याच वनस्पती या मापनाला सगळ्यात जास्त फसवतात.

हळदीचं बघा. कर्क्युमिन ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, आणि आपण बघतोय ४०५ वर. खण आधीच पिवळा, त्यात पॅरानायट्रॲनिलिनचा पिवळा शोधायचा. उतार मोजत असाल तर थोडं सावरता येतं, कारण स्थिर रंग वजा होतो. पण कर्क्युमिन पाण्यात, विशेषतः पीएच ८ ला, स्थिर राहत नाही. त्याचं विघटन होताना रंग उतरतो आणि तो उतार एन्झाइमच्या चढावातून वजा होतो. कागदावर ते निरोधन म्हणून दिसतं. यावर उपाय एकच: प्रत्येक तीव्रतेला अर्क अधिक सबस्ट्रेट, एन्झाइमविना, असा वेगळा खण. फ्लुओरेसन्सवर गेलात तरी सुटका नाही, तिथे रंगीत अर्क प्रकाश अडवतो.

हिरडा-बेहड्याचं दुखणं वेगळं. टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि खाली बसवतात. एन्झाइम रोखला गेला हे खरं, पण तसं तर समोर येणारं कुठलंही प्रथिन टॅनिनने बसवलं असतं. हे ओळखायचं तर तोच अर्क ट्रिप्सिन किंवा एखाद्या अगदी असंबंधित एन्झाइमवर लावा. तिथेही तितकंच निरोधन दिसलं तर ‘केएलके-७ निरोधक’ हे शब्द प्रबंधातून काढून टाका. पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनने टॅनिन काढून अर्क पुन्हा तपासणं ही आणखी एक चांगली चाचणी.

तिसरा प्रकार गुठळ्यांचा. पाण्यात न विरघळणारे रेणू सूक्ष्म गोळे करतात आणि एन्झाइम त्यांवर चिकटून निकामी होतो. बफरमधलं डिटर्जंट यावर थोडं काम करतं, ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातल्यावर निरोधन नाहीसं झालं तर ते याच जातीचं होतं. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ सगळ्या खणांत सारखं आणि १ टक्क्याच्या आत ठेवा. आवळ्यासारख्या आंबट अर्काने खणाचा पीएचच उतरतो, म्हणून शेवटी एका खणात पीएच पट्टी बुडवून बघा. दोन मिनिटांचं काम.

पीएच ८ च्या पलीकडे

निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. थराच्या तळाशी, जिवंत पेशींजवळ, तो ७ कडे सरकतो. केएलके-७ सगळ्यात जोमाने ७ ते ८ च्या आसपास कापतो, पण ५.५ लाही त्याची बरीच क्रियाशीलता उरते, आणि पेशी सुटण्याचं काम तिथेच चालतं. म्हणून फक्त पीएच ८ वर केलेलं मापन हे एन्झाइमबद्दल सांगतं. त्वचेबद्दल बोलायचं तर ५.५ चं मापन हवंच. मला विचाराल तर प्रकल्पाचा निम्मा वेळ इथे घालवावा.

४.५ ला ॲसिटेट, ५.५ आणि ६.५ ला एमईएस, ७.५ आणि ८ ला ट्रिस घ्या. मीठ सगळ्यांत सारखं. ५.५ एकदा ॲसिटेटमध्येही करा, म्हणजे फरक पीएचचा की बफरचा हे कळेल. पॅरानायट्रॲनिलिनचा रंग या पट्ट्यात पीएचने बदलत नाही. ही सोय पॅरानायट्रोफिनॉलवाल्या सबस्ट्रेटमध्ये नसते.

५.५ ला वेग कमी आला तर त्याची दोन कारणं असू शकतात: एन्झाइम तिथे सावकाश चालतो, किंवा तिथे मरतो. वेगळं करायला एन्झाइम तासभर ५.५ मध्ये ठेवा आणि मग ८ ला नेऊन मोजा. पूर्ण क्रियाशीलता परत आली तर तो मेला नव्हता. सबस्ट्रेटच्या निदान पाच तीव्रता दोन्ही पीएचला चालवा, कारण बऱ्याचदा एन्झाइमची सबस्ट्रेटवरची पकडही बदललेली असते आणि एकाच तीव्रतेवरून ती दिसत नाही.

पीएचला इतकं महत्त्व का, हे कळायला त्वचेचा स्वतःचा निरोधक बघावा लागतो. त्याचं नाव लेक्टी, १५ खंडांचं प्रथिन, एसपिंक-५ या जनुकातून बनणारं. २००७ मध्ये दाखवलं गेलं, की लेक्टीचे तुकडे उदासीन पीएचला केएलके-५ ला घट्ट धरतात आणि आम्लात सोडतात. म्हणजे थराच्या तळाशी ब्रेक लागलेला, वर जाताना तो हळूहळू सैल होणारा. लेक्टीचा रिकॉम्बिनंट तुकडा परवडत असेल तर हाच प्रयोग तुमच्या केएलके-७ वर ७.५ आणि ५ ला करून बघा.

हा ब्रेकच नसला तर काय होतं ते नेदरटन सिंड्रोममध्ये दिसतं. एसपिंक-५ मधल्या दोषांशी त्याचा संबंध २००० मध्ये जुळला. या बाळांची त्वचा लाल, सोलणारी असते, पाणी झपाट्याने निघून जातं, केस बांबूसारखे गाठाळ असतात आणि ॲलर्जी मागे लागतात. उंदरांमध्ये मानवी केएलके-७ जास्त बनवला तर त्वचा जाड होते आणि खाज सुटते, हे एगेलरूड यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं.

साबणाचा प्रश्नही याच वाटेवरचा. साध्या साबणाचा पीएच ९ ते १०. केस नसलेल्या उंदरांच्या त्वचेचा पीएच मुद्दाम वाढवल्यावर सेरीन प्रोटिएज जास्त सक्रिय झाले आणि त्यांनी सेरामाइड तयार करणारे दोन एन्झाइम, बीटा-ग्लुकोसेरेब्रोसिडेज आणि ॲसिड स्फिंगोमायलिनेज, कापून टाकले. बॅरिअर सावरायला वेळ लागला. हा अभ्यास २००५ चा. पेशींचे जोड आणि त्यांच्यामधले मेद, दोन्ही एकाच ओढीने सैल होतात हे त्यातून दिसतं.

निष्कर्ष लिहिताना

लहान पेप्टाइड कापलं म्हणजे जोड कापला असं होत नाही. केएलके-७ कॉर्निओडेस्मोसिन आणि डेस्मोकोलिन-१ कापतो, पण जोडातलं तिसरं प्रथिन, डेस्मोग्लिन-१, त्याला कापता येत नाही. ते केएलके-५ करतो. म्हणून पुढची पायरी म्हणजे रिकॉम्बिनंट कॉर्निओडेस्मोसिनबरोबर केएलके-७ ठेवून वेळेनुसार वेस्टर्न ब्लॉटवर तुकडे बघणं, अर्कासह आणि अर्काविना, ५.५ ला. त्यानंतर चिकटपट्टीने काढलेल्या थरांतून एन्झाइम काढून मोजता येतो, केसीन झायमोग्राफीवर (केसीन मिसळलेल्या जेलमध्ये एन्झाइम जिथे कापतो तिथे फिका पट्टा दिसतो) केएलके-५ आणि ७ वेगळे बघता येतात. माणसाच्या त्वचेवरून पट्टी काढायची तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी हवी, पट्टी वर्गमित्राच्या हातावरची असली तरी.

आणि दिशा तपासा. हिवाळ्यात कोरड्या, खपल्या धरणाऱ्या त्वचेत कॉर्निओडेस्मोसोम वेळेवर तुटत नाहीत, ते वरच्या थरांतही उरलेले सापडतात. पाणी कमी असलं की हे एन्झाइम सावकाश चालतात. ग्लिसरीनचा फायदा काही अंशी हा, की ओलावा मिळून जोड तुटायला मदत होते. अशा त्वचेवर केएलके-७ चा निरोधक लावणं उलट पडेल. नेदरटन किंवा दाह असलेल्या त्वचेत मात्र तोच निरोधक उपयोगी ठरू शकतो. म्हणून प्रबंधात निरोधनाच्या टक्क्यांशेजारी पीएच, सबस्ट्रेट, अर्काची तीव्रता, दुसऱ्या एन्झाइमवरचा कंट्रोल आणि कोणत्या प्रकारच्या त्वचेचा विचार केलाय, हे पाचही लिहा. क्रीम बनवून ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस, म्हणजे त्वचेतून बाहेर उडणारं पाणी, मोजलेला नसेल, तर ‘बॅरिअर दुरुस्ती’ हे शब्द शीर्षकात घालू नका.